पाठीवरचा बोलेल

कर्णधार परत आला तेव्हा आम्ही स्क्रमचा सराव करत होतो आणि त्याच्या जागी शिरपूरवाला वाकलेला होता.

मोटरसायकलवरून उतरायला कर्णधाराला वेळ लागला. भावाने गाडी उभी केली, त्याला आधार द्यायला हात पुढे केला, आणि कर्णधाराने तो हात झटकला. ते झटकणं मला मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून दिसलं. डाव्या गुडघ्यावर काळा पट्टा होता. आम्ही स्क्रम मोडून त्याच्याकडे धावलो. शिरपूरवाला धावला नाही. तो सावकाश सरळ झाला, मातीचे हात चड्डीला पुसले आणि जिथे होता तिथेच उभा राहिला.

"काय रे, मी आलो तर स्क्रम मोडला? सामन्यात मंत्री आला तं काय कराल?" कर्णधार म्हणाला. सगळे हसले. मग त्याने मान वर करून लांब पाहिलं. "आणि तो कोण उभा राह्यला तिथं? सात नंबर ना? ये इकडं, लहान्या. मले पाहू दे."

शिरपूरवाला आला, वाकून त्याच्या पायांना हात लावायला लागला. कर्णधाराने त्याला वरच्या वर उचललं. "पाय नको रे बाबा. त्यातला एक आधीच गेलेला आहे."

आमच्या संघात नावं चालत नसत. गावावरून हाक. पाचोरावाला, चोपडावाला, शिरपूरवाला. कर्णधार मूळचा पहूरकडचा, पण त्याला पहूरवाला कोणी म्हणत नसे. तो फक्त कर्णधार. मी जळगाव शहरातला, म्हणून मला गाव नव्हतं. मला ते 'पत्रक' म्हणत. वडिलांमुळे. वडील दिवसा पाणीपुरवठ्यात नोकरी करत आणि संध्याकाळी पत्रकं काढत. जयंतीची, मोर्चाची, अडलेल्या शिष्यवृत्तीची, वस्तीतल्या कोरड्या नळाची. लिहायला येण्याआधी मला पत्रकाची घडी घालता येत होती. मी अक्षरं शिकलो तीच 'बंधू-भगिनींनो' पासून. असं वाढलेल्या माणसाला एक खोड लागते. पत्रकात 'कदाचित' हा शब्द नसतो.

जळगाव-धुळ्यात रग्बी खेळतात, असं सांगितलं की लोक हसतात. कबड्डी म्हणा, कुस्ती म्हणा, समजू शकतो. पण आम्ही खेळत होतो. दोन्ही जिल्ह्यांतली पोरं मिळून एक संघ. धुळ्याच्या एका शाळेतले क्रीडाशिक्षक, ज्यांना आम्ही सर म्हणत असू, ते शनिवार-रविवार एसटीने जळगावला यायचे आणि बाकीचे दिवस आम्ही आमचेच. मैदान म्हणजे शहराबाहेरचा एक मोकळा तुकडा. त्याच्यावर बकऱ्यांचा हक्क पहिला.

रग्बीत स्क्रम म्हणजे दोन्ही संघांच्या आठ-आठ माणसांनी खांद्याला खांदा भिडवून केलेली रेटारेटी. त्या आठांत कडेला जे दोघे चिकटलेले असतात ते फ्लँकर. सहा नंबर आणि सात नंबर. चेंडू बाहेर आला रे आला की सात नंबरने पहिलं सुटायचं आणि समोरच्याला पाडायचं. पाडायचं, उठायचं, पुन्हा पाडायचं. ज्याच्या नावावर गुण लागत नाहीत आणि ज्याच्याशिवाय सामना जिंकता येत नाही, असा हा माणूस. मी स्क्रमच्या मागे उभा राहून चेंडू उचलणारा, म्हणजे सात नंबरची पाठ सगळ्यात जास्त कोणी पाहिली असेल तर मी.

आधी ती पाठ कर्णधाराची होती. गणपतीच्या सुमाराला धुळ्याला झालेल्या सामन्यात त्याच्या गुडघ्यावर दोघे पडले. स्ट्रेचर नव्हतं. डॉक्टर नव्हता. उद्घाटनाला फेटे होते, शाली होत्या, ध्वनिक्षेपक होता. शेवटी आम्ही कुंपणावरचा उद्घाटकांचा फ्लेक्स सोडला आणि त्यावर घालून त्याला बाहेर नेला. हात जोडलेल्या त्या हसऱ्या चेहऱ्यावर आमचा कर्णधार दात आवळून पडला होता. मी त्यावर एक पत्रक लिहिलं. सरांनी ते वाचलं, घडी घातली आणि खिशात ठेवलं. ते खिशातच राहिलं.

मग शिरपूरवाला त्या जागी आला. तो शिरपूरपलीकडच्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरचा. जळगावात वसतिगृहात राहून शिकत होता. घरी त्यांची बोली वेगळी. आमच्याशी तो अहिराणी आणि पुस्तकी मराठी यांचं मिश्रण करून बोलायचा, आणि तेही कमीच. पावसावर येईल तेवढी शेती, उन्हाळ्यात मोहाची फुलं आणि चारोळी, उरलेले महिने घरातल्यांची मजुरी. वडिलांनी त्याला एवढं एक वर्ष दिलं होतं. पुढच्या दिवाळीपासून काकाबरोबर गुजरातेतल्या कापसाच्या जिनिंगवर जायचं, हे ठरलेलं होतं.

पहिल्या सामन्यात त्याला नियमही नीट येत नव्हते. पण तो पाडायचा. हात पसरून नाही, ओरडून नाही. खाली वाकून, खांदा मांडीला लावून, जवळजवळ हळुवारपणे. आणि पडलेल्या माणसाला हात देऊन उठवायचा. समोरचे गोंधळून जायचे. पंचांनी एकदा त्याला विचारलं, "अरे, हा शत्रू आहे ना तुझा?" तो म्हणाला, "पडना ना तो, आते कसाना शत्रू?"

हिवाळ्यात नाशिकला निवड सामने होते. तिथून राज्याचा संघ निघणार होता. राज्याच्या संघातून खेळल्याचं प्रमाणपत्र पोलीस भरतीत चालतं. आमच्यातल्या निम्म्या पोरांना रग्बी आवडायची आणि सगळ्यांना ते प्रमाणपत्र हवं होतं. यात लाजण्यासारखं काही नाही. कर्णधाराचं भरतीचं वय संपत आलं होतं, हा त्याचा शेवटचा हंगाम. शिरपूरवाल्याचा पहिला होता, आणि घरच्या हिशेबाने तोही शेवटचाच. आणि सात नंबरची जागा एकच.

वांग्याच्या भरताचा बेत होता त्या दिवशी याचा निकाल लागायचा होता. पाचोरावाल्याच्या शेतात वांगी भाजायला घातली होती. पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या काड्यांचा जाळ, वर हिरवी वांगी, बाजूला मिरच्या कुटायचं बडजं. सर जाळापासून जरा लांब, उपड्या बादलीवर बसले होते.

"नाशिकला कोण खेळणार ते बोलू," सर म्हणाले.

"बोलायचं काय त्यात? कर्णधार आला ना," चोपडावाला वांगं उलटवत म्हणाला.

"तेच ना. घरचा मालक आला की पाहुण्याने पाट सोडावा," आणखी कोणीतरी.

मी उठलो.

"सुरू झालं पत्रक," चोपडावाला म्हणाला. "बंधू-भगिनींनो! अरे, भगिनी नाहीत इथे, एवढं पाहून घे."

मी बोललो. कर्णधार समोर बसला होता, त्याच्याकडे बघून बोललो, कारण पाठीमागे बोलणं मला शिकवलेलंच नव्हतं. म्हणालो, सात नंबर ही वतनदारी नाही. आजोबांनी बसवलेली गादी नाही. जो चार महिने पाडतो आहे त्याची ती जागा आहे. कर्णधाराबद्दल आदर आहे, पण आदर वेगळा आणि जागा वेगळी. तुम्ही म्हणाल, याला अजून वर्षं आहेत. कोणाला आहेत? ज्याचं शिक्षण पुढच्या दिवाळीला संपणार आहे त्याला? डोंगरातल्या पोरांना आपण नेहमी 'पुढच्या वर्षी' असं सांगतो, आणि पुढच्या वर्षी ती पोरं कुठे असतात हे बघायला कोणी जात नाही.

शेवटचं वाक्य मला स्वतःलाच आवडलं होतं, म्हणून मी ते दोनदा म्हटलं.

जाळात एक वांगं फुटलं आणि त्याचं पाणी सुस्स करत निखाऱ्यावर पडलं. शिरपूरवाला मान खाली घालून पऱ्हाटीच्या काडीने मातीत रेघा ओढत होता. त्याचे कान लाल झालेले मला दिसले. मला वाटलं, ते आनंदाने.

कर्णधार हसला. खरंच हसला, तोंडदेखलं नाही. "पत्रक बरोबर बोलतं," तो म्हणाला. "मी कर्णधार म्हणून खेळणार नाही. गुडघा झाला असेल तर खेळेन. नाही तं याच्यासाठी पाणी धरून उभा राहीन. सर, पाठकुळी लावा."

पाठकुळी ही आमच्या संघाची जुनी रीत होती. आमच्याआधी खेळून गेलेल्यांनी पाडलेली. दुखापतीतून परत येणाऱ्याची तपासणी करायला आमच्याकडे कोणी तज्ज्ञ नव्हता, म्हणून त्यांनी ही शोधून काढली होती. परत येणाऱ्याने संघातल्या एकाला पाठकुळी घ्यायचं आणि गिरणेच्या पात्रात या काठापासून त्या काठापर्यंत जाऊन परत यायचं. वाळूत पाय रुततो, मधल्या धारेत गोटे पायाखालून सरकतात. लंगडणारा माणूस काठावरच्यांना फसवू शकतो. पाठीवरच्याला नाही. दुसऱ्याचा गुडघा त्याला आपल्या मांडीत कळतो. म्हणून निकाल पाठीवरच्याने द्यायचा. "पाठीवरचा बोलेल," असं म्हणायचं आणि सगळ्यांनी ऐकायचं. सरांनासुद्धा ही रीत फार प्रिय होती, कारण तिच्यामुळे त्यांना स्वतः काही ठरवावं लागत नसे.

एरवी पाठीवर हलकाफुलका कोणी बसायचा आणि वर बसून टवाळी करायचा. "चल रे नंदी," "लगाम कुठे आहे याचा," असलं काहीतरी. या वेळी सरांनी माझ्याकडे बोट केलं. सगळ्यात हलका मीच.

"पत्रक नको," कर्णधार म्हणाला. "पत्रकाने आधीच निकाल छापून आणला." पुन्हा हसू. "लहान्याला घेतो पाठीवर. ज्याची जागा जायची तोच सांगेल. याच्याइतकं खरं कोण सांगणार?"

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. ज्याचं नुकसान व्हायचं त्याच्याच हातात निकाल द्यायचा, यापेक्षा मोठा न्याय तो कोणता? वडिलांच्या कुठल्याही पत्रकात इतकी सुंदर मागणी मी वाचली नव्हती.

शिरपूरवाला काहीतरी पुटपुटला. कोणीच ऐकलं नाही. मग भरीत कुटलं, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आल्या, आणि खाताना तो माझ्या शेजारी बसला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गिरणेवर गेलो. काठावर वाळू उपशाचे खड्डे होते, त्यांना वळसा घालून खाली उतरलो. पाणी मधोमध एका धारेपुरतं. कर्णधाराने पट्टा सोडून भावाकडे दिला. मग तो वाकला आणि शिरपूरवाला त्याच्या पाठीवर चढला. वजनाने तो कर्णधाराइतकाच. पण तो असा बसला होता की जणू अंग वर ओढून धरलंय, आपलं ओझं आपणच उचलायचा प्रयत्न करत असल्यासारखा.

"अरे, नीट बस की! नवरदेव घोड्यावर लाजतो तसा काय?" काठावरून कोणीतरी ओरडलं.

जाताना काही झालं नाही. वाळूत कर्णधाराची पावलं खोल पडत होती, पण सरळ. तो पलीकडच्या काठाला हात लावून वळला. येताना धारेत, अगदी मध्यावर, तो थांबला.

लांबून एवढंच दिसलं की तो थांबला. डावा खांदा जरा खाली गेला आणि पुन्हा वर आला. शिरपूरवाल्याचं डोकं कर्णधाराच्या कानाजवळ गेलं. दोघे काहीतरी बोलले. पाण्याचा आवाज फार नव्हता, पण अंतर होतं.

"दम खातोय," सर म्हणाले.

मग तो निघाला, आणि काठापर्यंत आला, आणि त्याने शिरपूरवाल्याला वाळूत उतरवलं. दोघांचेही चेहरे घामेजलेले. पाठीवर बसलेल्या माणसाला घाम का यावा, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

"बोल," सर म्हणाले. "पाठीवरचा बोलेल."

शिरपूरवाल्याने आधी कर्णधाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्याकडे जरा जास्तच वेळ. मी त्याला मान हलवून सांगत होतो, बोल, खरं बोल, घाबरू नको.

"बरा शे," तो म्हणाला. "बठ्ठं बरं शे." बठ्ठं म्हणजे सगळं.

पोरांनी एकच गिल्ला केला. कर्णधाराला खांद्यावर घेतलं. त्या गर्दीत मी कर्णधाराचा चेहरा पाहिला. जिंकलेल्या माणसाचा चेहरा तसा नसतो. तो शिरपूरवाल्याला शोधत होता, आणि शिरपूरवाला खाली बसून वाळूने भरलेल्या चपला झटकत होता.

मी त्याला एकटं गाठलं. "खरंच बरा आहे का रे?"

"सांगितलं ना," तो म्हणाला.

नाशिकच्या सामन्यात कर्णधार सात नंबर घालून उतरला. निवड करणारे मंडपाखाली बसले होते. पहिला काही वेळ तो आमचा जुना कर्णधार होता. त्याने एकाला असं पाडलं की मंडपाखालच्यांनी माना वळवल्या. मी मागून त्याची पाठ पाहत होतो आणि, खरं लिहितो, मला बरं वाटत होतं. आपलं म्हणणं हरलं तरी माणूस उभा आहे, असं.

मग एका स्क्रममधून मी चेंडू काढला, तो कडेने सुटला, डावा पाय रोवून उजवीकडे वळला, आणि वळलाच नाही. शरीर वळलं, पाय राहिला. आवाज झाला. ओली फांदी पिळून तोडावी तसा. त्याला कोणी हातही लावला नव्हता. तो पडला आणि ओरडला नाही. हाताने गवत धरून ठेवलं होतं. मी सगळ्यात जवळ होतो. त्याने माझ्याकडे बघून फक्त म्हटलं, "लहान्याले बोलाव. मैदानात घे त्याले."

इथे स्ट्रेचर होतं. त्याला नेलं.

शिरपूरवाला बाकावरून उठला. बुटांची नाडी बांधायला त्याने इतका वेळ लावला की पंच दोनदा शिटी वाजवून बोलावून गेले. आत आला. स्क्रममध्ये वाकला, खांदा लावला. चेंडू निघाला, समोरचा त्याच्या हाताच्या अंतरावरून पळाला आणि शिरपूरवाला उभा राहिला. पुन्हा तसंच. जो चार महिने कोणाला सोडत नव्हता, तो सामना संपेपर्यंत एकालाही पाडू शकला नाही. चोपडावाला त्याच्यावर खेकसला, "अरे झोपला का? पाड ना त्याला!" त्याने ऐकलं, मान हलवली, आणि पुढच्या वेळी पुन्हा उभा राहिला. मंडपाखालच्यांनी काय लिहायचं ते लिहिलं. आमच्या संघातून कोणाचीच निवड झाली नाही.

पंधरवड्याने मी कर्णधाराच्या घरी गेलो. ऑपरेशन झालं होतं. ओट्यावर खाट टाकून पाय उशीवर ठेवलेला. त्याची आई चहा ठेवून गेली तेव्हा तो म्हणाला, "तुले माहीत आहे का, मी त्याले विचारलं होतं. धारेत."

"काय?"

"गुडघा निसटला होता माझा. गोट्यावरून. एकदम खाली गेलो, त्यानेच पाय टेकवून सावरलं, तुम्हाला दिसलं नसेल पाण्यात. मी म्हटलं, लहान्या, तू आता सांग. तू नाही म्हण, मी ऐकतो. माझ्या तोंडून नाही निघत." त्याने पायाखालची उशी सारखी केली. "मले वाटलं, तो सांगेल. त्याची जागा होती रे. कोणीही सांगितलं असतं."

"तो काय म्हणाला?"

"काही नाही. मले म्हणे, दादा, हळू चाल."

मला इतका राग आला की मी चहा तसाच ठेवून निघालो. राग शिरपूरवाल्याचा. आपण ज्याच्यासाठी सगळ्यांसमोर उभे राहतो त्याने असा घात करावा? स्वतःचा, कर्णधाराचा, सगळ्यांचा? एक शब्द बोलायचा होता. एक 'नाही'. बसमध्ये खिडकीपाशी बसून मी मनातल्या मनात त्याला जे सुनावलं, ते छापलं असतं तर दोन्ही बाजूंनी पान भरलं असतं.

त्याने वसतिगृह सोडलं होतं. मी शिरपूरला गेलो, तिथून दुसऱ्या बसने डोंगराच्या तोंडापर्यंत, पुढे चालत. तो घरासमोर तुरीच्या काड्या झोडत होता. मला बघून त्याने काठी ठेवली, पाणी आणलं, खाट टाकली. त्याची आई दारात येऊन माझ्याकडे बघून हसली आणि त्यांच्या बोलीत त्याला काही विचारलं. तो म्हणाला, "विचारते, हाच का तो बोलणारा."

मी पाणी प्यायलो आणि जे सुनावायचं होतं ते सुनावलं. सगळं. तो ऐकत होता. तुरीची एक शेंग बोटांनी उकलत होता.

"खोटं का बोललास?" मी शेवटी म्हणालो. "रीत काय होती? पाठीवरच्याने खरं सांगायचं. एवढंच काम होतं तुझं."

"खरं सांगतो तर काय झालं असतं?"

"तू खेळला असतास! त्याचा पाय वाचला असता!"

"मी खेळलो असतो," तो म्हणाला. "आणि बठ्ठा काय म्हणले असते? याले जागा पाहिजे होती म्हणून नाही म्हणाला. दादाचा गुडघा मलाच माहीत. दुसऱ्या कोणाला दिसला नाही. माझं ऐकायचं कोणी?"

"मी ऐकलं असतं."

"तू तर पहिल्यापासूनच म्हणत होता." त्याने शेंग खाली टाकली. हे तो रागाने म्हणाला नाही, तेच मला सहन होईना. "त्या दिवशी तू बठ्ठासमोर बोलना. डोंगरातले पोरं, डोंगरातले पोरं. तू खरं बोलला, मी नाही म्हणत नाही. पण तेव्हापासून बठ्ठा माझ्याकडे असं बघत होते, की आता हा मागणार. भरीत खाताना मला कोणी मिरची दिली नाही हातात. तुला नाही दिसलं. मग दादा म्हणाला, हाच सांगेल खरं. मी म्हटलं, मी नको, दुसऱ्याला बसवा. कोणी ऐकलं नाही, बठ्ठा टाळ्या वाजवत होते."

मला त्या टाळ्यांमधले माझे हात आठवले.

"दादाने विचारलं ना तुला पाण्यात? त्याने स्वतः सांगितलं होतं, 'नाही' म्हण म्हणून."

"विचारलं." त्याने दुसरी शेंग उचलली. "म्हणूनच अजून कठीण झालं. त्याला जड होतं ते मी सांगायचं. माझ्यावर चांगला माणूस बसलेला नव्हता, मी चांगल्या माणसावर बसलो होतो. पाठीवर बसून कसं सांगू, की तू पड?"

मी पत्रकात वाढलेला माणूस. मला उत्तर द्यायची सवय आहे. कोणाची चूक म्हणून मी बोट कुणाकडे करू? सरांकडे? रीतीकडे? ज्यांनी ती घातली त्यांच्याकडे तपासायला दुसरं काही नव्हतं. त्यांनी प्रामाणिक माणसावर भरवसा ठेवला, आणि प्रामाणिक माणसाला स्वतःच्या फायद्याचं खरं बोलता येत नाही, एवढीच एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नाही. आमच्याही नाही.

त्याच्या आईने ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी वाढली. जेवताना मी कर्णधाराचा निरोप सांगितला. दादा म्हणाला आहे, सात नंबर आता तुझा, पुढच्या हंगामाला ये, मी घरच्यांशी बोलतो.

"मी येणार नाही."

"जिनिंगवर जाणार?"

"काका पुढच्या आठवड्यात निघतो. दिवाळीपर्यंत थांबायचं कारण नाही आता."

"इतकं चांगलं पाडतोस तू," मी म्हणालो, आणि माझा आवाज पत्रकाचा राहिला नाही.

"नाशिकला पाहिलं ना," तो म्हणाला. "समोरचा पळत येतो, मी वाकतो, आणि मला त्याचा गुडघाच दिसतो. माणूस नाही दिसत. गुडघा दिसतो."

तो मला बसपर्यंत सोडायला आला. वाटेत दोन टेकाडं होती, ती त्याने माझी पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेऊन पार केली, मी नको म्हणत असताना. बस उभीच होती. मी चढलो, खिडकीशी बसलो. तो खाली उभा राहून खिडकीच्या गजाला हात लावून होता. कंडक्टरने घंटी दिली तेव्हा त्याने विचारलं,

"ऑपरेशन केलं म्हणजे पळता येतं का माणसाला?"

डॉक्टरांनी काय सांगितलं होतं ते मला माहीत होतं.

"चालता येतं," मी म्हणालो.

त्याने गजावरचा हात काढून घेतला.